कात्रीसाहेबांची मोटारसायकल

विमा कंपनीच्या कचेरीत त्यांना सगळे कात्रीसाहेब म्हणत, अर्थात पाठीमागे. लोक नुकसानभरपाईचे अर्ज घेऊन येत आणि साहेब त्यातून एकेक गोष्ट वगळत जात. खिडकीची काच धरायची नाही, पडदे आधीच विटले होते, गालिचा तर मोजायचाच नाही. शेवटी जे काही उरे ते घेऊन माणूस निमूटपणे घरी जाई. या कामात साहेबांचा हात धरणारा दुसरा कोणी नव्हता. तो हात घरी आल्यावर स्वस्थ बसला असता तर काहीच बिघडलं नसतं.

पण सासरे वारले आणि त्यांची जुनी मोटारसायकल सासूबाईंच्या जिन्याखाली धूळ खात पडली. भंगारवाला तिच्याभोवती घुटमळायला लागला, तेव्हा साहेबांना एकाएकी स्फुरण चढलं.

"आई, ही मला द्या. घरच्या घरी नवीकोरी करून दाखवतो."

साहेबांनी घरातला गळका नळसुद्धा कधी आवळला नव्हता. पण मोबाइलवर व्हिडिओ पुष्कळ पाहिले होते, आणि पाहणं म्हणजे येणं असा त्यांचा भाबडा समज होता.

सासूबाईंनी गाडी दिली. अट एकच घातली, आणि तीही अट वाटू नये अशा बेताने. "चालू झाली की मला एकदा मागे बसवून तळ्यापर्यंत नेऊन आणाल? हे न्यायचे."

"एकदा काय, रोज नेतो," साहेब म्हणाले. बोलायला काय जातं?

गाडी साहेबांच्या मागच्या खोलीत आली आणि बायकोचं शिलाई मशीन बोळकांडीत गेलं. कार्बोरेटर स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुतला गेला. त्याचे बारीकसारीक भाग चहाच्या गाळणीत निथळले, आणि पुढे कितीतरी दिवस चहाला पेट्रोलचा वास येत राहिला. जेवणाच्या टेबलावर टाकी होती, म्हणून माणसं ताटं मांडीवर घेऊन जेवली. "माझ्या बाबांची गाडी आहे म्हणून गप्प बसलेय, नाहीतर..." असं बायको म्हणायची आणि पुढचं दातांखाली दाबून टाकायची.

सोडवणं साहेबांना छान जमलं. जोडताना मात्र नाकी नऊ आले. इंजिन जोडून झालं की दर खेपेला मूठभर नटबोल्ट शिल्लक राहत. कंपनीनेच जास्तीचे घातले असतील, असं साहेबांचं म्हणणं पडलं. अखेर एके दिवशी ते इंजिन चादरीत गुंडाळून गॅरेजमध्ये गेलं आणि धडधडत परत आलं. ह्या सहलीबद्दल साहेबांनी कुणाकडे ब्रसुद्धा काढला नाही. कचेरीत मात्र, "इंजिन म्हणजे काय, लहान बाळ असतं हो, समजून घ्यावं लागतं," अशी अक्कल ते जेवणाच्या सुट्टीत पाजळू लागले.

इथे थांबले असते तरी चाललं असतं. पण साहेबांना गाडीचं रूप पालटायचं होतं, आणि त्यांच्या मते जुन्या गाडीत फापटपसारा फार होता. आधी चेनकव्हर गेलं. मग मागचा मडगार्ड अर्धा कापला गेला. प्रत्येक वेळी साहेब सासूबाईंना रीतसर विचारत, "आई, हे काढलं तर चालेल ना?" आणि सासूबाई म्हणत, "तुम्हाला योग्य वाटेल तसं करा." त्या घरात जावयाला 'नाही' म्हणायची रीतच नव्हती. जावई म्हणाले की आमटी खारट झालीय, तर ती खारट, आणि अळणी म्हणाले तर अळणी. साहेबांनी ह्या मऊपणाला पसंती समजून टाकलं. सासूबाई मागाहून लेकीला फोन करून हळूच विचारत, "मला बसता येईल ना गं?" लेक नवऱ्याला विचारी. नवरा म्हणे, "आधी गाडीचा तोल साधू दे."

मागच्या चाकाच्या बाजूला एक लोखंडी पट्टी होती, जरा वाकडीच. साहेब तिच्यावर ग्राइंडर लावायला निघाले तेव्हा बायको आडवी आली.

"ती बाबांनी आईसाठी लावून घेतलीय. तिचे पाय खाली पोचत नाहीत."

"अगं, पण दिसते किती बेढब."

"दिसायचंय कुणाला? पाय ठेवायचाय."

साहेबांनी डोळ्यांवर चष्मा चढवला आणि पट्टी कापली. त्यानंतर खोलीला कुलूप लागलं. शेवटचं काम त्यांना गुपचूप करायचं होतं.

मग तो दिवस उजाडला. साहेबांनी कचेरीतली मंडळी बोलावली, शेजारी बोलावले. बायको आईला घेऊन आली. सासूबाईंनी पाय घसरू नये म्हणून नवे कापडी बूट घेतले होते, डोक्याला रुमाल घट्ट बांधला होता. साहेबांनी चादर ओढली. काळी कुळकुळीत टाकी, रुंद हँडल, सगळं चकाचक. मंडळींनी "वा!" केलं. साहेब हरभऱ्याच्या झाडावर जाऊन बसले.

सासूबाई वळसा घालून गाडीच्या मागच्या बाजूला गेल्या. बसण्याआधी टेकायला हात पुढे केला, तो उघड्या टायरवर पडला.

"मी कुठे बसू?"

"आई, आता ही एकट्याची गाडी आहे," साहेब कौतुकाने म्हणाले. "लांब सीट काढून टाकली. वजन केवढं उतरलं बघा."

सासूबाईंनी रुमालाची गाठ सोडायला घेतली. ती लवकर सुटेना. सुटल्यावर त्या बोलल्या.

"जावईबापू, इतक्या वर्षांत तुम्हाला उलटून बोलले नाही, आज बोलते. गाडी भंगारात गेली असती तर म्हटलं असतं, ते गेले, गाडीही गेली. तुम्ही गाडी ठेवलीत आणि मला तेवढं खाली उतरवलंत."

कचेरीतले दोघे पायातले बूट न्याहाळू लागले.

"सीट परत बसवतो ना, आई. आठवडाभरात," साहेब पुटपुटले.

"आहे कुठे ती सीट?" बायकोने विचारलं.

सीट भंगारवाल्याने नेली होती. साहेबांनी स्वतः उचलून त्याच्या हातगाडीवर टाकली होती.

बायकोने आईचा हात धरला. "चल, चालत जाऊ तळ्यावर." आणि दोघी निघाल्या.

साहेबांनी घाईघाईने किक मारली. गाडी पहिल्याच किकला चालू झाली, असं आजवर कधी झालं नव्हतं. साहेब दोघींच्या शेजारून क्लच दाबत, पाय घासत चालवू लागले. "आई, ऐका तरी," असं ते म्हणत होते, पण त्यांच्याच सायलेन्सरपुढे त्यांचं काही ऐकू येत नव्हतं. बसा म्हणायची तर सोयच उरली नव्हती. कोपऱ्यावर सासूबाई थांबल्या. त्यांचा आवाज पुन्हा पूर्वीसारखा मऊ झाला होता.

"तुम्ही व्हा पुढे, जावईबापू. आम्ही दोघी येतो सावकाश."

इतक्या हळू गाडी चालत नव्हती. साहेबांना पुढे जावंच लागलं.