टँकर बंगल्यावर जाणार नाही

चंद्रभान चहांदे साहेबासमोर उभा राहिला की दोनच उत्तरं द्यायचा. "हाव साहेब" नाहीतर "नाही साहेब." आम्ही बाकीचे "बघतो साहेब", "करून टाकतो साहेब" म्हणत वेळ मारून न्यायचो. त्याला ते जमायचंच नाही.

तो इंदोऱ्याचा. छप्पन्न साली बाबासाहेबांनी दीक्षा दिली त्या दिवशी तो आईबापासोबत पांढरे कपडे घालून मैदानावर गेला होता. तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं. मला एकदा म्हणाला, "त्या दिवशी माह्या बापानं मान वर केली गा बाबाराव. मंग मी काहून खाली घालू?" भांडणाच्या सुरात नाही, पानाला चुना लावता लावता, सहज.

मी बाबाराव. आम्ही दोघं एकाच अग्निशमन केंद्रात, तो फायरमन आणि मी बंबाचा ड्रायव्हर. घरी कुहीकडे धानाची शेती, इथे आगीची नोकरी. आमचं केंद्र लहानसं होतं. एक बंब, एक पाण्याचा टँकर, एक घंटा आणि ओले पाइप वाळत घालायचा मनोरा. बंबावर सहा माणसं असावीत असा नियम. आमच्याकडे चार जमली की आम्ही खूश. कुणी रिटायर झाला की त्याची जागा रिकामीच राहायची, आणि फारच ओरड झाली तर एखादा रोजंदारीवर आणून उभा करायचे. देवाजी तसाच आला होता. मौद्याजवळच्या खेड्यातला, अंगानं बारीक, पण शिडीवर माकडासारखा चढायचा. कितीतरी वर्षं आग विझवत होता आणि तरी रोजंदारीच.

चौऱ्याहत्तर सालचा मे महिना. दुपारी रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. घंटा वाजली. लाकडाच्या वखारीला आग लागली होती. केंद्रात आम्ही तिघेच होतो, चंद्रभान, देवाजी आणि मी. टँकर आणि त्यावरची माणसं धरमपेठेतल्या एका बंगल्यावर गेली होती. कुणा मोठ्या माणसाकडे लग्न होतं. मांडवात पाणी शिंपायचं, कूलर भरायचे, हौद भरायचा. वरून फोन आला होता. उन्हाळ्यात असे फोन नेहमीच यायचे.

वखारीत पोचलो तर मागच्या माळ्यावर आरा चालवणारे दोन मजूर अडकलेले. चंद्रभाननं दोर खांद्यावर टाकला.

"देवाजी, एकट्यानं नोझल सांभाळशील?"

"तू जा ना गा. मी आहो इथं."

नोझलवर दोघं लागतात. पाण्याच्या जोरानं पाइप उसळतो, एकट्याची सगळी ताकद त्याला धरून ठेवण्यातच जाते, वर काय होतंय ते बघता येत नाही. मागचा माणूस बघतो. देवाजीच्या मागे कुणी नव्हतं. मी पंपावर. टाकीचा काटा खाली यायला लागला तसा मी ओरडलो, "देवाजी, मागं हो! पाणी संपून राहिलं!" पंपाच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही. धार लुळी पडली आणि सागाच्या ओंडक्यांची जळती थप्पी त्याच्या अंगावर आली.

चंद्रभान त्या दोन्ही मजुरांना खाली उतरवून धावत आला. त्यानं ते ओंडके हातांनी बाजूला केले. त्याचे तळवे सोलून निघाले. देवाजीला वखारीतल्या माणसांनी दवाखान्यात नेलं, पण तिथे पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

टँकर आला तेव्हा अर्धी वखार कोळसा झाली होती. लग्नाच्या पोरांनी कौतुकानं त्याच्या बॉनेटला झेंडूचा हार बांधला होता. चंद्रभाननं आपल्या त्या भाजलेल्या हातांनी तो हार ओढून तोडला.

वरच्या कचेरीतले मोठे साहेब चौथ्या दिवशी केंद्रात आले. देवाजीची बायको अंजनाबाई पडवीत बसली होती. साहेब तिच्याकडे न बघता आमचे केंद्रप्रमुख गोपाळराव यांना म्हणाले, "दुर्दैवी आहे. पण तो आपल्या पटावर नव्हता. आणि एकट्यानं इतकं पुढे जायला नको होतं. निष्काळजीपणा झाला."

"त्याच्यासंगं माणूस द्याले पायजे होता, साहेब," चंद्रभान म्हणाला. त्याच्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या. "तो माणूस कुठं होता ते इचारा ना. तो बंगल्यावर कूलर भरून राहिला होता."

"तुला कोणी विचारलं?"

"नाही साहेब. कोणी इचारलं नाही, म्हणून सांगून राहिलो."

आमच्यात युनियन होती, पण नावापुरती. वर्षातून एकदा बूट मागायची, ते मिळाले नाहीत की गप्प बसायची. त्या आठवड्यात मनोऱ्याखाली सगळ्या पाळ्यांची माणसं जमली आणि चंद्रभानला सेक्रेटरी केलं. जयराम म्हणून एक जुना फायरमन होता, तो म्हणाला, "संप करू. एक दिवस आग जळू द्या, मंग समजते यांना."

चंद्रभान चिडला. "आग काही साहेबाच्या घरी नाही लागत गा. ते झोपडीत लागते, वखारीत लागते. घंटा वाजली का आपुन जाऊ. दोघं असलो तरी जाऊ. पन हा टँकर आता कोण्या बंगल्यावर जाणार नाही. लग्न असो का बारसं. तो आगीचा आहे."

"अन् हुकूम आला तं?"

"येऊ दे ना. किल्ली कोनाजवळ असते?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. टँकरचा ड्रायव्हर त्या दिवसांत सुटीवर होता आणि त्याची किल्लीही माझ्याचकडे होती. डोळ्यांसमोर ती लुळी पडलेली धार आली आणि मी म्हणालो, "देणार नाही मी."

हुकूम आठवड्याभरातच आला. एका बंगल्यावरची बाग वाळत होती. गोपाळराव मनानं चांगले, पण भित्रे. ते स्वतः मनोऱ्याखाली आले.

"बाबाराव, एकच फेरी मारून ये ना गा. कायले डोक्याले ताप करून राहिले तुमी?"

"आग कुठं लागली, साहेब?" चंद्रभाननं विचारलं.

"आग नाही रे. बाग आहे."

"मंग माळ्याले सांगा."

सगळे हसले. गोपाळरावांनाही हसू आलं आणि ते तोंड फिरवून आत गेले. त्या उन्हाळ्यात आमच्यातल्या बऱ्याच जणांना मेमो मिळाले, मलाही मिळाला. पण टँकर केंद्रातच उभा राहिला, टाकी काठोकाठ भरून.

आता चौदा एप्रिलचं सांगतो. हा अग्निशमन सेवेचा दिवस. देशभर त्या दिवशी कामावर मेलेल्या जवानांना मानवंदना देतात. आणि तोच बाबासाहेबांच्या जयंतीचाही दिवस. चंद्रभान दर वर्षी सकाळी परेड करायचा आणि लगेच गणवेशातच इंदोऱ्याच्या मिरवणुकीत जाऊन मिसळायचा. पंच्याहत्तर साली परेडच्या मैदानावर मंडप होता, पाहुणे होते, आणि अंजनाबाईला शिलाई मशीन देणार म्हणून आणून बसवलं होतं. कार्यक्रमात देवाजीचं नाव घ्यावं म्हणून युनियननं आधीच सांगितलं होतं. उत्तर आलं नव्हतं.

परेड झाली. मोठ्या साहेबांनी आजवर गेलेल्या जवानांची नावं वाचली. एकेका नावाला आम्ही सलाम केला. यादी संपली. देवाजीचं नाव आलंच नाही.

मग माइकवरून जाहीर झालं, "आता एका गरजू भगिनीला शिलाई मशीन भेट देण्यात येईल."

अंजनाबाई उठली. लुगड्याचा पदर नीट केला, मंचावर चढली. पाहुण्यांनी मशीनवर हात ठेवून फोटोसाठी हसून बघितलं. ती मशीनला शिवलीच नाही.

"मी गरजू म्हणून आली नाही जी," ती म्हणाली. माइक जवळच होता, सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. "मी देवाजीची बायको म्हणून आली. त्याचं नाव घ्या आधी."

साहेब पुढे झुकून हळू आवाजात काहीतरी म्हणाले. ती जागची हलली नाही.

"पटावर नव्हता म्हनता? मंग आगीत कोनाच्या पटावर गेला होता तो?"

तेवढ्यात रांगेतून चंद्रभान एक पाऊल पुढे आला. परेडमध्ये हुकमाशिवाय पाऊल टाकणं म्हणजे काय ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्यानं भाजून आखडलेला उजवा हात कपाळाला लावला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "फायरमन देवाजी!"

मी सलाम केला. माझ्या बाजूच्यानं केला. मग सगळी रांगच सलामात उभी राहिली. मंचावर गोपाळराव होते, त्यांचाही हात वर गेला. मोठ्या साहेबांनी इकडेतिकडे बघितलं. खुर्च्यांवरचे बाकीचे पाहुणे गोंधळून उभे राहिले, तसं साहेबांनाही उभं राहावं लागलं. अंजनाबाई हात जोडून खाली उतरली. मशीन तिथेच राहिली.

चंद्रभान दुपारी नेहमीसारखा मिरवणुकीत होता. दुसऱ्या दिवशी त्याला निलंबित केलं.

मग जूनमध्ये आणीबाणी आली. चार माणसं जमली तरी लोक मागे वळून बघायचे. मनोऱ्याखालची बैठक बंद पडली. चंद्रभान घरी बसून होता, म्हणजे बसला नव्हता. बायको प्रेमिला बिड्या वळायची आणि हा कधी हमाली, कधी रंगकाम करायचा. मी त्याच्याकडे चोरून जायचो. प्रेमिलाबाई म्हणायची, "भाऊजी, तुमच्या दोस्ताले सांगा, माफी लिहून द्या अन् मोकळे व्हा म्हणून." चंद्रभान विचारायचा, "तू सांगून राहिली का तो गोपाळराव सांगून राहिला?" मग ती हसायची. "मी कायले सांगतो? त्यानं सांगाले लावलं, म्हणून सांगितलं. तुमी लिहून देसान तं मीच फाडीन."

त्याच हिवाळ्यात इंदोऱ्याजवळ झोपड्यांची एक ओळ पेटली. आम्ही गेलो तेव्हा बंबावर पुन्हा तिघेच. मी पाइप जोडेपर्यंत गर्दीतून लुंगी-बनियनवर एक माणूस आला आणि नोझलवाल्याच्या मागे जाऊन उभा राहिला. चंद्रभान. आग विझेपर्यंत तो तिथून हलला नाही. एका म्हातारीला त्यानं खाटेसकट बाहेर काढलं.

त्यावरून त्याच्यावर दुसरा आरोप ठेवला. निलंबित असताना सरकारी साहित्याला हात लावला. चौकशीला मी साक्षीदार होतो. अधिकाऱ्यानं विचारलं, "आरोप मान्य आहे?"

"हाव साहेब. लिहा, हात लावला. अजून लिहा, पुढच्या बारीले पण लावीन."

शेवटी अधिकाऱ्यानं काय लिहिलं ते आम्हाला कळलं नाही, पण बडतर्फी काही आली नाही.

सत्त्याहत्तर साली वारं बदललं आणि चंद्रभान कामावर परत आला. युनियन पुन्हा मनोऱ्याखाली जमू लागली. वरच्या कचेरीत आमचे लोक इतक्या वेळा जाऊन बसले की तिथला शिपाई आम्हाला न विचारता चहा आणायचा. भरती निघाली. रोजंदारीवरच्या पोरांना कायम केलं. टँकर आगीशिवाय बाहेर न्यायचा नाही, असा हुकूम लागला. अंजनाबाईला केंद्रात कामावर घेतलं. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, युनियनमध्ये बायका चालतात का? जयराम म्हणाला, आतापर्यंत कोणी आली नाही. ती म्हणाली, "आता आली ना."

देवाजीच्या नावाचा दगड मात्र वरून कधीच मंजूर झाला नाही. मग आम्हीच बसवला, केंद्राच्या फाटकाशी, दिवसाढवळ्या. गोपाळराव दारातून म्हणाले, "परवानगी नाही रे बाबांनो." चंद्रभान गवंड्याला घमेलं देत म्हणाला, "दगड काढायची पण नाही न साहेब?" गोपाळराव आत जाऊन सलामासाठी आपली टोपी घालून आले.

पुढे चंद्रभानला बढती कधी मिळाली नाही. धुरानं छाती गेली, शहाऐंशी साली वेळेआधी घरी बसला. निरोपाच्या दिवशी नव्या मोठ्या साहेबांनी भाषणात त्याला "शिस्तप्रिय" म्हटलं. आम्ही सगळे एकमेकांकडे बघत होतो. तो उठला आणि म्हणाला, "साहेबाले माहिती चुकीची मिळाली. अन् खापरखेड्याच्या रस्त्यावरच्या वस्तीसाठी बंब अजून नाही, ते लिहून घ्या."