राधानगरीचे पावणं

"बसतो की, पुढच्या बारीला."

आमच्या गावच्या दूध डेअरीत हे वाक्य मी रोज सकाळ-संध्याकाळ ऐकायचे. दूध मापून घेणं आणि फॅट लावणं माझ्याकडे. दारात एक लाल प्लास्टिकची खुर्ची आहे, म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी. पावणं म्हातारे नव्हते, पण त्यांची चुळबूळ बघून मलाच धाप लागायची, म्हणून मी रोज म्हणायचे, "बसा, पावणं." आणि ते रोज पुढच्या बारीवर ढकलायचे.

मोटारसायकल बाहेर चालूच असायची.

"पेट्रोल जळतंय की."

"बंद केली की रुसती, वैनी. तिला बसायची सवय न्हाय."

असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. लग्नात जेवायला बसण्याआधी वाढायला लागतो, मयताला गेला तर लाकडं रचायला लागतो. आमचे पावणं तसले.

गाव पंचगंगेच्या काठावर, आणि हे मूळचे राधानगरीकडचे. इथे घरजावई म्हणून आले, सासऱ्याची शेती, गुऱ्हाळ आणि म्हशी सांभाळायला. पोरं कॉलेजात गेली तरी गावाने त्यांना पावणंच म्हटलं.

राधानगरी धरणाचे दरवाजे पाणी चढलं की आपोआप उघडतात. ते पाणी मग आमच्या नदीला येतं. बातमी आली की रांगेतला कोणी ना कोणी म्हणायचाच, "पावणं, तुमच्या गावानं पाणी सोडलं बघा."

"व्हय. सासुरवाडीला रिकाम्या हातानं कसं यायचं?"

रांग हसायची. पावणं मात्र किटली उचलून तडक घरी जायचे, म्हशींची दावी सोडायचे आणि त्यांना वरच्या माळावर नेऊन बांधायचे. दर वर्षी. बाकी गाव जागचं हलायचं नाही, कारण डेअरीच्या भिंतीवर मागच्या महापुराची तांबडी रेघ होती. पाणी त्या रेघेच्या वर येत नाही, अशी गावाची खात्री. परगावचं कोणी आलं की आम्ही ती रेघ दाखवायचो.

"रेघ आपण मारलीया," पावणं म्हणायचे. "पाण्याला कुणी इचारलं?"

"पावणं भित्रं हाय," रांग म्हणायची.

त्या वर्षी पाणी रेघेवरून गेलं. आदल्या दिवशी रेघेच्या खाली होतं, म्हणून नदीकडच्या गल्लीतली माणसं घरातच झोपली होती. उजाडलं तेव्हा गल्ली तुटली होती. बोट निघालीय असे फोन येत होते, पण रस्ताच पाण्याखाली, बोट येणार कुठून?

पावणं ट्रॅक्टरने गुऱ्हाळातली काहील घेऊन आले. गूळ आटवायची ती भलीमोठी, उथळ, लोखंडी कढई. पाण्यावर तरंगते, पण धारेत भोवऱ्यासारखी फिरते.

सासरे चढावर उभे राहून ओरडत होते, "काहील गेली तर गूळ कशात आटवू?"

"आदी माणसं आणतो, मामा. गुळाचं नंतर भांडू."

दोघं पोहणारे सोबत घेऊन त्यांनी दुपारपर्यंत गल्ली रिकामी केली. म्हातारी माणसं, पोरं, एक बाळंतीण. मी शाळेच्या चढावर चहा आणि भाताची व्यवस्था बघत होते. प्रत्येक जण गरगर फिरत यायचा आणि उतरल्यावर आधी ओकायचा.

राहिल्या फक्त आक्का. बुद्धविहाराच्या मागे त्यांचं घर. नवरा नाही, मूल नाही, एक म्हैस, तीही आठवड्याभरात व्यायला आलेली.

पावणं रिकामी काहील घेऊन परत आले.

"म्हातारी म्हशीबिगार येत न्हाय."

"उचलून आणा," मी म्हटलं. "पाणी कुठवर आलंय?"

"कमरंच्या वर. दावं मनगटाला गुंडाळून उभी हाय. उचलली तर म्हसच आडवी ईल." त्यांनी उभ्यानेच चहा ओतला घशात. "दोघींला एकदमच आणायला पायजे."

ओठ निळे पडले होते त्यांचे. सोबतच्या दोघांच्या अंगात त्राण उरलं नव्हतं, ते आडवे झाले होते. मी म्हटलं, "घटकाभर बसा तरी."

"बसतो की, पुढच्या बारीला."

नंतर बराच वेळ काही दिसेना. पाणी चढतच होतं. सासऱ्यांनी काहिलीचं नाव काढायचं बंद केलं.

मग आधी शिंगं दिसली. म्हशीचं डोकं पाण्याबाहेर, नाकपुड्या फुगलेल्या. तिच्यामागे ताणलेलं दावं. दाव्यामागे काहील, आणि काहिलीत ते दावं दोन्ही हातांनी धरून बसलेल्या आक्का. सगळ्यात मागे एक हात काहिलीच्या काठावर टाकून पाण्यात पावणं. दिवसभर गरगरणारी काहील म्हशीमागे सरळ येत होती. आक्का सगळी वाट म्हशीला शिव्या घालत होत्या, "हळू की गं, सटवे. मला बुडिवतीस व्हय?"

काठाला आल्यावर कळलं, पाण्याखालच्या पत्र्याने पावण्यांचा पाय उभा चिरला होता. धनुर्वाताचं इंजेक्शन मी जबरदस्तीने द्यायला लावलं. तेही त्यांनी उभ्यानेच घेतलं.

म्हैस शाळेच्या व्हरांड्यात व्याली. पाणी ओसरलं तसे पावणं पायाला फडकं बांधून घराघरातला चिखल ओढायला लागले. मी आणि त्यांची बायको ओरडून दमलो.

डेअरी पुन्हा सुरू झाली. एका सकाळी ते आले, दूध ओतलं आणि लाल खुर्चीत बसले.

बाहेर मोटारसायकल बंद होती. मी फॅटचं यंत्र तसंच सोडलं आणि गाडी बोलावली. त्यांचे डोळे पिवळे झाले होते. डॉक्टर म्हणाले, पुराच्या घाण पाण्यातला ताप आहे, जखमेतून शिरतो.

कोल्हापूरच्या दवाखान्यातून पावणं परत आले नाहीत.

पुढे पंचायतीचा रंगारी नवी रेघ मारायला डेअरीत आला. मी त्याला चहा पाजला आणि परत पाठवला.

यंदा राधानगरीचे दरवाजे उघडल्याची बातमी आली तेव्हा सकाळची रांग लागली होती. कोणाच्या तरी फोनवर ती सगळ्यांनी ऐकली. आता कोणीतरी 'तुमच्या गावानं पाणी सोडलं बघा' म्हणणार, असं वाटलं.

आक्का रांगेत पुढेच होत्या. त्यांनी न मापलेली किटली माझ्यासमोर ठेवली.

"ऱ्हाऊ दे हितंच. म्हस माळावर बांधून येतो."

त्या निघाल्या. त्यांच्यामागचा निघाला, त्याच्या मागचा निघाला. टेबलावर किटल्यांची दाटी झाली आणि दार मोकळं झालं.

खुर्ची तेवढी दारात होती. मी ती उचलून आत घेतली, शटर ओढलं आणि नदीकडच्या गल्लीकडे निघाले.