मागून हाक

कॅनडाला निघाले त्या दिवशी चिंचोटीजवळच्या आमच्या अंगणात रिक्षा उभी होती. आईने हातावर दही ठेवलं आणि मी वळणार तोच सुमनआत्या कडाडली, "पाठ दाखवून कुठं चाललीस? तोंड घराकडे ठेवून जा." झालं. दोन्ही हातांत बॅगा घेऊन मी उलट्या पावलांनी रिक्षापर्यंत गेले, तुळशीच्या कट्ट्यावर आदळता आदळता वाचले. आमचे वडील म्हणाले, नाटक कंपनी बंद पडली, पण हिची नाटकं काही बंद पडत नाहीत. सगळे हसले, आत्या सोडून.

तुम्ही गावात राहिलेले आणि माझ्यासारखे बाहेर गेलेले, आपण गावकऱ्यांनी तिला बघितलं ते फुलपाड्याच्या वन-रूम-किचनमध्ये पोरींना सारेगम घोटून घेताना. पण ही बाई संगीत नाटकाची नायिका होती. माईक नव्हता, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज आपल्या बळावर पोचवायचा. वन्स मोअर आला की ऑर्गनवाले मास्तर नुसते तिच्याकडे बघायचे, आणि तेच पद ती वेगळ्या ताना घेऊन पुन्हा गायची. खानदेश, वऱ्हाड, गोवा, सगळं ट्रकमध्ये पेट्यांवर बसून पालथं घातलं. पुढे लोक सिनेमाला वळले आणि कंपनी बसली.

इकडे सुरुवातीला बेसमेंटमध्ये राहून, पार्किंगमधला बर्फ उपसून माझी हाडं मोडली, पण ती उलटी पावलं काही डोक्यातून जाईनात. नटाने प्रेक्षकांना पाठ दाखवू नये, हा रंगभूमीचा नियम मला ठाऊक होता. पण रिक्षात बसणाऱ्या भाचीला तो कशाला? फोनवर विचारलं की ती म्हणायची, "तिकडे मेथी मिळते का गं?" नव्वदीला टेकलेली बाई. ती गेली की उत्तरही जाणार, याची मला धास्तीच बसली होती.

गेल्या हिवाळ्यात फुलपाड्याला गेले तेव्हा समोर बसून विचारलं. या वेळी तिने मेथी काढली नाही.

सोळाव्या वर्षी ती कंपनीत जायला निघाली. आजोबांचा सक्त विरोध. तोंडाला रंग फासणाऱ्या पोरीला घर नसतं, हे त्यांचं शेवटचं बोलणं. ती शेताच्या बांधावरून थेट खाडीच्या धक्क्यावर गेली आणि होडीत बसली. एकदाही मागे बघितलं नाही. बापाने साधा निरोपही दिला नाही, हा राग घेऊन ती गावोगाव गायली. आजोबा गेले तेव्हा कंपनी वऱ्हाडात होती. ती पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. मग आजीने सांगितलं की त्या दिवशी ते धक्क्यापर्यंत तिच्या मागोमाग गेले होते, फडक्यात तांदळाच्या भाकऱ्या बांधून. होडी दिसेनाशी झाल्यावर भाकऱ्या तशाच घरी परत आल्या.

"मग हाक का नाही मारली त्यांनी?" मी विचारलं.

"निघालेल्या मानसाला मागून हाक मारत नाय. पोरीला अपशकुन होईल, म्हनून." इतकी वर्षं रंगमंचावर शुद्ध बोललेली आत्या घरच्या बोलीवर आली होती. मला रडू आवरेना. ती मात्र कोरड्या डोळ्यांनी पदराचं टोक चुरगाळत बसली होती.

निघताना मी न सांगता उलटी चालले. दारात खुर्चीवर ती, पॅसेजमध्ये मी. लिफ्टचं बटण दाबायला तेवढी वळले, आणि मागून हाक आली, "बेबी!" काय तो आवाज! मजल्यावरची दोन दारं उघडली. शेजारच्या काकू म्हणाल्या, अहो, जाणाऱ्याला हाक मारू नये. मी धावत परत गेले. काय झालं, काही दुखतंय का, पाणी देऊ का?

"काय नाय गं," आत्या म्हणाली. "मारून बघितली."

आता टोरंटोत सकाळी दार ओढून घेतलं की मी लिफ्टपाशी जराशी थांबते. इथे मागून कोणी हाक मारणार नाही, हे मला ठाऊक आहे. तशी हाक मारणारं माणूस फुलपाड्याला दारात खुर्ची टाकून बसलंय. घर तिकडेच आहे माझं.