आऊटबाईंनी डोळे झाकले

सगळा हॉल त्यांना आऊटबाई म्हणायचा, आणि त्यात काही खोटं नव्हतं. बॅडमिंटनचं शटल रेषेबाहेर पडलं की लाइन जजने दोन्ही हात पसरून ‘आऊट’ असं ओरडायचं असतं. बाकीचे जज तोंडातल्या तोंडात पुटपुटायचे. बाई ओरडल्या की हॉलबाहेर गाड्यांवर लक्ष ठेवणारा माणूससुद्धा दचकून उठायचा. आवाज असा खणखणीत, पण नशीब मात्र कोर्टाच्या टोकाला ठेवलेल्या बुटक्या खुर्चीला चिकटून बसलेलं.

बाईंना बसायचं होतं वरच्या खुर्चीवर. जाळीशेजारच्या त्या उंच खुर्चीत अंपायर बसतो, गुण पुकारतो, खेळाडूंना दटावतो. तिची परीक्षा बाई केव्हाच पास झाल्या होत्या. त्यांनी हाताला धरून शिकवलेली पोरंपोरी भराभर वर चढली, परदेशातसुद्धा जाऊन आली. बाई आपल्या तिथल्या तिथे. स्पर्धाप्रमुख साहेब दर मोसमात म्हणायचे, “बाई, पुढच्या खेपेला तुम्हीच,” आणि पुढची खेप आली की बाईंच्या तोंडाला पानं पुसायचे. एवढं होऊनही बाई दर वेळी नव्याने आशा लावून बसायच्या. काय म्हणावं या बाईला!

पण यंदा ती आशाही दमली होती आणि जीव थाऱ्यावर नव्हता. स्पर्धा शनिवार-रविवारी असायच्या; बाकी आठवडाभर त्या दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसायच्या, पण हल्ली तिथेही चित्त नसे. अक्कलदाढ काढायला आलेल्या माणसाला त्यांनी कवळी तयार असल्याचं सांगितलं. तो बिचारा गाल धरून घरी निघाला होता. घरी यावं, तर पुसलेला ओटा पुन्हा पुसायचा, चहा ओतून घ्यायचा आणि तसाच गार करायचा.

त्यातच जाऊबाईंनी विचारलं होतं. त्यांचं पाळणाघर जोरात चाललं होतं. सुट्टीच्या दिवशी कामावर जाणाऱ्या आयांची मुलं वाढली होती, आणि शनिवार-रविवार सांभाळायला भरवशाचं माणूस हवं होतं.

“अगं, तिथे एका रेषेकडे बघत बसायचं आणि वर लोकांच्या शिव्या खायच्या. त्यापेक्षा माझ्याकडे ये. पोरं तरी गळ्यात पडतील,” जाऊबाई म्हणाल्या. “मात्र रविवारी संध्याकाळपर्यंत काय ते सांग. मला दुसरी बाई बघायला हवी.”

नवरा म्हणाला, “जा की. फक्त तिथे ओरडू नकोस, झोपलेली पोरं उठतील.” स्वतःच्या विनोदावर तो बराच वेळ हसला. बाईंनी त्याच्यापुढे ताट जरा जोरातच ठेवलं.

रविवारी सकाळी, जाऊबाईंना होच सांगायचं असं ठरवून, बाई हॉलवर गेल्या. आणि साहेबांनी नेमकं त्याच दिवशी गाजर दाखवलं. त्यांना बाजूला घेऊन ते म्हणाले, “आज पुरुषांची फायनल नीट पार पडू दे. पुढच्या स्पर्धेत वरची खुर्ची तुमची. शब्द देतो.” झालं! ठरवलेलं सगळं पाण्यात.

फायनलच्या आधी साहेबांनी सगळ्या लाइन जजना गोळा करून नेहमीचीच तंबी दिली. तसा नियम साधा आहे. शटल कुठे पडलं ते दिसलंच नाही, तर लाइन जजने दोन्ही हातांनी डोळे झाकायचे, म्हणजे अंपायरला कळतं. पण या हॉलमध्ये डोळे झाकायची पद्धत नव्हती. साहेब म्हणायचे, “जजला दिसलंच पाहिजे. डोळे झाकून वरच्याला तोंडघशी पाडू नका.” मग दिसो न दिसो, जो तो आपला आत किंवा बाहेर, काहीतरी ठोकून द्यायचा. बाईंनीही ठोकलं होतं, एकदा नव्हे, बरेचदा.

मॅच रंगली. बाईंच्या बाजूला खेळणाऱ्याला सगळे लंबू म्हणत. गुडघ्याला पट्टा, केस कानशिलावर पांढरे, वयाने समोरच्या पोराचा काका शोभेल असा. तरी पठ्ठ्याने खेचत खेचत सामना शेवटच्या गुणापर्यंत आणला. हा गुण मिळाला की कप त्याचा. हॉल नुसता डोक्यावर घेतला होता लोकांनी.

समोरच्याने शटल बाजूच्या रेषेवर मारलं. लंबू धावला, वाकला, आणि बाहेर जातंय असं वाटून त्याने रॅकेट मागे घेतली. शटल पडलं. लंबूने दोन्ही हात वर केले. लोक उभे राहिले.

आणि बाईंना काहीच दिसलं नव्हतं. लंबूचा तो पट्टा बांधलेला गुडघा बरोबर रेषेच्या आड आला होता.

सगळा हॉल बाईंच्या तोंडाकडे बघायला लागला. लंबू बघतोय, समोरचा बघतोय, उंच खुर्चीवर बसलेली बाईंचीच शिष्या बघतेय, दाराशी साहेब बघतायत. एक ‘आऊट’ म्हणायचं फक्त. लोक खूश, लंबू खूश, साहेब खूश, वरची खुर्ची खिशात. बाईंनी तोंड उघडलंसुद्धा. पण आवाज काही फुटेना. हात मात्र आपोआप वर आले आणि त्यांनी गच्च डोळे झाकून घेतले.

हॉलमध्ये एकच गलका झाला. “ए आऊटबाई, झोप लागली काय?” कोणीतरी ओरडलं. वरच्या शिष्येलाही काही दिसलं नव्हतं. तिने तो गुण पुन्हा खेळायला लावला. लंबूचे वर गेलेले हात खाली आले. पुन्हा खेळलेला गुण गेला, बरोबरी झाली, त्यापुढचे दोन्ही गुणही गेले, आणि त्यांच्याबरोबर कपही गेला.

साहेब तरातरा आले. “काय केलंत हे? एवढं एक काम होतं! आता कुठल्या तोंडाने देऊ तुम्हाला खुर्ची?”

बाई बाहेरच्या नळावर गेल्या. तिथे लंबू डोक्यावर पाणी घेत होता. त्याला बघून बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“आत होतं की बाहेर?” त्याने विचारलं.

“नाही रे दिसलं. तुझाच गुडघा आड आला.”

“मलापण नाही दिसलं. उगाच हात वर केले.” त्याने पट्टा सोडला. गुडघा सुजून टम्म झाला होता. “शेवटचीच मॅच होती ही. डॉक्टर म्हणाले, आता बास.”

बाईंचे डोळे भरून आले. “मी आऊट म्हटलं असतं तर कप मिळाला असता रे तुला.”

“मिळाला असता,” लंबू म्हणाला. त्याला वाईट वाटत होतं, आणि ते त्याने लपवलंही नाही. “आणि घरी आलेला प्रत्येक जण कपाकडे बघून विचारणार, शेवटचं शटल खरंच बाहेर होतं का हो? काय सांगितलं असतं मी? जाऊ दे. आता ज्युनिअरच्या फायनलला माझी पोरगी खेळतेय. तिच्या लाइनीवर बसाल ना तुम्ही?”

मग बाई पदराने डोळे पुसून तडक आत गेल्या.

त्यांच्या बुटक्या खुर्चीवर साहेबांनी दुसऱ्या कोणाला बसवलं होतं. “उठ बाळा, ही जागा माझी,” बाई म्हणाल्या, आणि साहेबांकडे वळल्या. “आणि साहेब, वरच्या खुर्चीसाठी माझं नाव आजपासून धरू नका. मी इथेच बसणार, आणि नाही दिसलं तर डोळे झाकणार.” बाई खुर्चीत बसल्या. द्यायला आता साहेबांकडे काही उरलं नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. जाऊबाई होत्या.

“काय गं, काय ठरलं? इतकी वर्षं आपलं ‘जरा हॉलवर जाऊन येते’ चाललंय तुझं. संपलं का एकदाचं?”

“नाही जमणार, जाऊबाई,” बाई म्हणाल्या. “शनिवार-रविवार मी कामावर असते.”