लग्नपत्रिकांचे हत्ती

दर महिन्याला कर्जतजवळच्या आमच्या दहिवलीच्या घरी एक पिवळा खोका येतो. लहान मुलांनी आईबाबांसोबत बसून करायचं कागदकाम, चिकटकाम असलं सगळं त्यात भरलेलं असतं. वर्षभराची नोंदणी मीच मोबाइलवरून केली, आणि तेव्हापासून मला त्या खोक्यातून नेमकं काय हवं होतं याचा माझाच गोंधळ चालू आहे. मुलीचे हात चालावेत, हे होतंच. पण खरं म्हणजे मला रविवार हवा होता. मी ठाण्याला नोकरीला, नवरा खालापूरकडे कारखान्यात पाळीवर. चार वर्षांची आमची लेक आठवडाभर सासूबाईंच्या पाठीपाठी असते. त्यांच्यासारखं 'नाय' म्हणते, त्यांच्यासारखे कमरेवर हात ठेवून कोंबड्यांना दटावते. मी घरी पोचते तेव्हा जेवून पेंगत असते. निदान आठवड्यातून एक दिवस ती माझ्या पाठीपाठी असावी, एवढं माझं म्हणणं होतं.

पहिल्या खोक्यात लोकरीच्या गोळ्यांची अळी करायची होती. सोबत एक कार्ड होतं, त्यावर एकेक पायरी चित्रात दाखवलेली, वाचता येत नसलं तरी चालेल अशी. लेकीनं एक डोळा अळीच्या शेपटीला लावला, दुसरा स्वतःच्या गुडघ्याला. गोंद केसांत गेला. मी दहा वेळा सांगितलं, मग अळी मीच पूर्ण केली आणि तिच्या हातात देऊन फोटो काढला. फोटोत ती माझ्याकडे बघतच नाहीये.

त्या संध्याकाळी ओटीवर उभी राहून मी बहिणीला फोन केला. म्हटलं, खोक्यावर तीन ते पाच वर्षं लिहिलंय आणि हिला साधा डोळा जागेवर लावता येत नाही, म्हणजे ही मागं आहे. आजीजवळ कोंबड्या हाकत मोठी होतेय, दुसरं काय होणार. पनवेलला राहायला जावं असं डोक्यात येतंय. बहीण म्हणाली, अगं, अळीच आहे ती. पण मी तोंडाला येईल ते बोलत राहिले. राग आला की मी फार स्पष्ट आणि फार मोठ्यानं बोलते.

पुढच्या महिन्यात हत्तीचा मुखवटा आला, आणि मला काहीच समजेना. लेकीनं कार्ड बघितलंसुद्धा नाही. सोंड दुमडली, कान लावले, आणि मी दोरा ओवायला घेतला तर माझा हात धरून म्हणाली, आधी वाळू दे. एखादी म्हातारी सुगरण सुनेला सांगते ना, अगदी तसं. त्याच्या पुढच्या महिन्यात होडी, मग कासव. प्रत्येक वेळी तेच. मी नुसती बाजूला बसलेली, आणि ती भराभर करून मोकळी. मला आनंद झाला, नाही कसं म्हणू. पण रविवारचा माझा तास दहा मिनिटांत संपायचा आणि ती उठून आजीकडे पळायची. आपली मुलगी हुशार निघाली म्हणून मिरवावं की आपली गरजच पडत नाही म्हणून हिरमुसावं, ते ठरेना. मी मिरवायचं ठरवलं.

ऑफिसात फोटो दाखवले. तिथली एक मैत्रीण म्हणाली, एवढी पुढं असलेली मुलगी तिकडे ठेवलीस तर फुकट जाईल. तिच्या ओळखीनं पनवेलच्या एका शाळेत नाव घातलं. जूनपासून तिथं घर घ्यायचं, नवऱ्याच्या कारखान्याची बस तिकडूनही येते, असं सगळं ठरत गेलं. शाळेनं एका शनिवारी मुलीला बघायला बोलावलं. सासूबाई काही पनवेलला येणार नव्हत्या. भात, वाल, कोंबड्या सोडून त्या सख्ख्या लेकीकडेसुद्धा दोन दिवस राहत नाहीत. त्यांना नवऱ्यानं जेवताना सांगितलं. त्या फक्त म्हणाल्या, बरं. आणि त्याला भात वाढला.

त्या शनिवारच्या आधीच्या रविवारी खोका आला. एरवी तो मधल्या वारी येतो आणि रविवारपर्यंत कपाटावर असतो. तो नेहमी दुहेरी चिकटपट्टी लावलेला असायचा आणि कुरियरवाले किती काळजी घेतात याचं मला कौतुक होतं. या वेळी पट्टी एकेरी होती. मी लगेच उघडला. आत पवनचक्की होती. लेक चटईवर मांडी घालून बसली, हात मांडीत, आणि हलेना. मी कार्ड पुढं केलं. पाती हातात दिली. तिनं पातं उलटं लावलं आणि माझ्याकडे बघितलं.

"आजीनं नाय शिकवली अजून," ती म्हणाली आणि रडायला लागली.

मला वाटलं, पोरीला ताप-बिप आलाय. कपाळाला हात लावून बघितला. मग तिला कडेवर घेऊन मी मागच्या पडवीत गेले. सासूबाई मोड आलेले वाल सोलत बसल्या होत्या. लेक काय म्हणतेय, असं मी विचारलं. त्यांनी हात पाण्यात बुडवले, पदराला पुसले आणि उठून कणगीमागून एक पिशवी काढून आणली.

पिशवीत हत्ती होते. तीन-चार तरी असतील, सगळे जुन्या लग्नपत्रिका कापून केलेले. आमच्याकडे आलेली पत्रिका टाकत नाहीत, खिळ्याला अडकवून ठेवतात. तो गठ्ठा बारीक होत चाललाय हे मी पाहिलं होतं, पण उंदरांवर घातलं होतं. एका हत्तीच्या कानावर कुणाच्या तरी लग्नाचा मुहूर्त होता, सोंडेवर सोनेरी गणपती. खाली होड्या, कासवं, सगळं पिठाच्या खळीनं चिकटवलेलं. त्यांनीच सांगितलं, बुधवारी-गुरुवारी खोका आला की त्या त्याची खालची पट्टी अलगद चिरायच्या, कार्डावरची चित्रं बघायच्या, आकार पत्रिकांवर उतरवून घ्यायच्या आणि सामान जसंच्या तसं भरून वरून दुसरी पट्टी मारायच्या. मग दुपारभर नातीला बसवून रविवारची तालीम. मम्मीला सांगायचं नाही, असं दोघींचं ठरलेलं.

मला आधी हसू आलं, मग भयंकर राग आला. माझा रविवार आधीच वापरून पुन्हा पट्टी लावून मला मिळत होता. मी तसं बोललेही असते, पण त्यांच्या तोंडाकडे बघून थांबले. मी फक्त विचारलं, का.

"तू फोनवर म्हनालीस ना, पोर मागं हाय, पनवेलला नेते. मला वाटलं, आली पुढं तर ऱ्हाईल हितंच."

मी तिथेच पायरीवर बसले. आम्ही तिला नेत होतो ते ती इतकी पुढं आहे म्हणून, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. भात वाढला होता त्या दिवशीच त्यांना ते कळलं होतं. मुलगी मागं आहे की पुढं, तेच मला कळेना. ते कासव तिनंच केलं होतं, तिच्याच हातांनी. शिकवल्यावर आलं तर ते आलं नाही असं म्हणायचं का? मीही गणितात शिकवणी लावूनच पास झाले होते. लेक एव्हाना रडायची थांबून वाल सोलायला बसली होती.

हत्ती पिशवीत परत भरता भरता सासूबाईंनी विचारलं, शनिवारी तिथं पोरांना काय करायला लावतात. मी म्हटलं, नक्की माहीत नाही, पण मैत्रीण म्हणत होती, रंगीत माती देतात आणि काहीतरी करून दाखवायला सांगतात.

"मंग उद्या येताना ती माती आन. हायेत अजून चार दुपारी. शिकवते मी तिला."

मला वाटलं, त्यांच्या लक्षात आलं नसेल. म्हणून मी सावकाश म्हटलं, "आई, तिला जमलं तर ती जाईल."

"जाऊ दे गं. पन चार लोकांत पोर रडाया नको."

त्यांनी पुन्हा वालाचं पातेलं पुढं ओढलं. मी काहीतरी म्हणायला हवं होतं. आम्ही जात नाही, असं म्हणता आलं असतं, किंवा तुम्हीही चला, असं. माझ्या तोंडून फक्त बरं निघालं, त्यांच्यासारखंच.

दुसऱ्या दिवशी कामावरून परत आले आणि कर्जत स्टेशनबाहेरच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात गेले. रंगीत माती मागितली. दुकानदारानं विचारलं, मुलगी किती वर्षांची, मी सांगितलं. लहान डबी देऊ की मोठी, म्हणाला. शिकवायचं तर मोठी लागेल, लहान डबी दोन दुपारींतच कोंबड्यांच्या पायाखाली संपेल, हे मला माहीत होतं. लहान नेली असती तर शिकवणी अर्धवट राहिली असती, आणि लेक शनिवारी रडून आजीकडे परत आली असती. दोन्ही डब्या हातात घेऊन मी इतका वेळ उभी राहिले की मागचं गिऱ्हाईक पुढं गेलं. मला कोणती हवी होती ते मला खरंच सांगता येत नाही. सासूबाईंनी मात्र एकच सांगितलं होतं, पोर रडायला नको. मी मोठी घेतली.