फारकोलीला न थांबलेली गाडी

गाडी थांबली नाही तेव्हा सानाबाच्या मनात पहिल्यांदा एकच आलं, ब्रेक गेले!

दुसरं काही सुचायचं कारणच नव्हतं. फारकोलीत गाडी यायची, शिट्टी द्यायची, कुरकुरत थांबायची. सानाबा लग्न होऊन या गावात आली तीसुद्धा याच गाडीतून उतरून. त्या दिवशी नेहमीप्रमाणे सगळ्या बायका डोक्यावर पराती घेऊन फलाटावर उभ्या होत्या. कुणाकडे आंबे, कुणाकडे भाजलेले शेंगदाणे, कुणाकडे बाजरीचे तळलेले वडे. सानाबाकडे आल्याचं थंडगार सरबत, छोट्या छोट्या पिशव्यांत बांधलेलं. डाकार बंदराकडून राजधानी बामाकोला जाणारी गाडी वळणावर दिसली आणि बायकांनी कमरेची कापडं घट्ट खोचली, कारण पुढचे दोन डबे कुणाचे यावरून रोज भांडण व्हायचं.

गाडी आली ती सुसाट. लांबलचक शिट्टी वाजवत, धूळ उडवत ती फलाटासमोरून निघून गेली. खिडक्यांतले चेहरे पुसट पुसट वाहत गेले. एका खिडकीतून कुणीतरी पैसे धरलेला हात बाहेर काढला होता, तो हात तसाच पुढे गेला. वाऱ्याच्या झोतानं शेजारी उभ्या जेनेबूची परात कलंडली आणि तिचे आंबे घरंगळत रुळांवर गेले. शेवटचा डबाही गेला.

"ब्रेक गेले गं!" सानाबा किंचाळली. "पुलावरून खाली जाणार सगळे!"

तिनं सरबताची परात तिथंच टाकली आणि गाडीमागे धावत सुटली. तिच्यामागे जेनेबू, जेनेबूच्या मागे सगळं गाव. लोहार घण घेऊन धावला. कुणी चटया घेतल्या, कुणी पाण्याची भांडी, कुणी घरातली खाट उचलून आणली. बाकोय नदीच्या पुलापर्यंत सगळे रुळांवरून धावत गेले. एकमेकांच्या तोंडाकडे बघायची कुणाची हिंमत नव्हती, कारण पुलाखाली काय दिसणार ते प्रत्येकानं मनात पाहून ठेवलं होतं.

पूल जागच्या जागी होता. खाली पाणी संथ चाललं होतं. पलीकडे दूरवर इंजिनाची घरघर ऐकू येत होती आणि ती बारीक बारीक होत गेली.

"वाचले बाई सगळे," जेनेबू धापा टाकत म्हणाली आणि मटकन खाली बसली. लोहार हसायला लागला. मग सगळेच हसले. परत येताना माणसं देवाचे आभार मानत होती. जेनेबू तर म्हणाली, "माझे आंबे गेले ते गेले, पण एवढी माणसं वाचली ना!"

स्टेशनमास्तर दांबेले फलाटावर उभे होते. रेल्वेच्या नोकरीत त्यांचे केस पिकले होते. टोपी त्यांनी काढून हातात धरली होती.

"मास्तर, पुढं लागले का ब्रेक?" सानाबानं विचारलं.

"ब्रेक चांगले आहेत, सानाबा."

"मग?"

"मला आत्ता फोन आला. गाडी गेल्यावर आला." दांबेलेंनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. "आता इथं गाडी थांबायची नाही."

"आज?"

"आजपासून."

सानाबाला शब्द कळले, पण अर्थ डोक्यात शिरेना. ती मास्तरांच्या टोपीकडे बघत राहिली.

सरकारनं रेल्वे चालवायला एका परदेशी कंपनीला दिली आहे, हे गावानं रेडिओवर ऐकलं होतं. तेव्हा कुणाला त्यात काही वाटलं नव्हतं. उलट नवे डबे येतील, पंखे फिरतील, असं मास्तरच सगळ्यांना सांगत होते. कंपनीनं हिशेब मांडला तो वेगळाच. बंदरातून माल न्यायचा तर पैसा मिळतो, माणसं न्यायची तर मिळत नाही, आणि त्यातही आडगावची माणसं न्यायची तर उगाच इंजिन थांबवायचं नि पुन्हा ओढायचं. त्यामुळे मोठी स्टेशनं राहिली आणि मधली पुसली गेली. फारकोलीला दुसरा रस्ता नव्हता. उन्हाळ्यात बैलगाडी कशीबशी जायची. पावसाळ्यात चहूबाजूंनी चिखल, आणि त्यातून वर उठलेला फक्त रेल्वेचा बांध.

त्या वर्षीचे आंबे झाडाखालीच सडले. शेळ्यांनी खाऊन खाऊन तोंड फिरवलं. सानाबा तरी रोज गाडीच्या वेळेला फलाटावर जायची. परात न घेता.

"कशाला जातेस गं?" जेनेबू चिडवायची. "नवरा उतरणार आहे का तुझा?"

"तो गेला त्याला किती वर्षं झाली. आता उतरला तर मीच पळून जाईन."

अशी दोघींची थट्टा चालायची. दोघी एकाच वर्षी या गावात सुना म्हणून आल्या होत्या. पुढच्या डब्यांसाठी झिंज्या ओढून भांडल्याही होत्या आणि एकमेकींच्या बाळंतपणात रात्ररात्र बसल्याही होत्या.

पावसाळ्याच्या मध्यावर जेनेबूच्या पोटात दुखायला लागलं. आधी तिनं पाला उकळून घेतला. दुसऱ्या दिवशी ती गुडघे पोटाशी घेऊन ओरडू लागली. गाडी थांबत होती तेव्हा अशा माणसाला डब्यात घालायचं आणि जेवायच्या आत शहरातल्या दवाखान्यात न्यायचं, हे गावाच्या अंगवळणी पडलेलं होतं. आता खाट खांद्यावर घ्यायची आणि बांधावरून, रुळांच्या कडेनं, जिथं गाडी अजून थांबते त्या स्टेशनापर्यंत चालायचं.

चार गड्यांनी खाट उचलली. सानाबा छत्री धरून बाजूनं चालली. अर्ध्या वाटेत मागून शिट्टी आली.

"गाडी!" सानाबाला वाटलं, सुटलो. ड्रायव्हरही माणूसच आहे, खाटेवर आजारी बाई दिसत्ये म्हटल्यावर ब्रेक दाबेलच. तिनं डोक्याचा रुमाल सोडला आणि हलवायला लागली. गडी खाट घेऊन बांधाच्या उतारावर, चिखलात पाय रोवून उभे राहिले.

ड्रायव्हरनं शिट्टी वाजवली. बाजूला व्हा, म्हणून. डबे त्यांच्या डोळ्यांसमोरून, अगदी हाताच्या अंतरावरून गेले. खिडकीतल्या बायकांनी खाटेवरची जेनेबू पाहिली आणि तोंडावर हात नेले. एक पोर हसून हात हलवत होतं. त्याला वाटलं असेल, ही बाई रुमाल हलवून आपल्यालाच टाटा करत्ये.

जेनेबूनं डोळे उघडले होते. "थांबली का गं?" तिनं विचारलं.

"थांबत्ये, थांबत्ये," सानाबा म्हणाली.

स्टेशन दिसायच्या आत जेनेबू गेली.

त्यानंतर कितीतरी दिवस सानाबा रडलीसुद्धा नाही. जेवताना घास हातात धरून बसून राहायची. गाडी आपल्याला बघते आणि तरी जाते, ही गोष्ट तिला पचत नव्हती. मरण तिनं पुष्कळ पाहिलं होतं. असं डोळ्यांदेखत निघून जाणं पाहिलं नव्हतं.

दांबेले मास्तरांनी आजूबाजूच्या गावांना गोळा केलं आणि सरकारकडे तक्रार केली. पाऊस संपल्यावर एक साहेब चौकशीला आला. रेल्वे कंपनीवर देखरेख ठेवायला सरकारनं जी कचेरी काढली होती, तिचा तो अधिकारी. तो रुळांवरून चालणाऱ्या एका छोट्या मोटारीतून आला, बरोबर कंपनीचे दोन कारकून. मोटार फलाटाला लागली तेव्हा बायका एकमेकींना कोपरखळ्या मारू लागल्या. इतक्या महिन्यांत फारकोलीला थांबलेलं ते पहिलं चाक होतं.

गोरखचिंचेच्या सावलीत गाव बसलं. मास्तरांनी ओळख करून दिली. "हे सिदिकी जारा साहेब."

जारा म्हटल्याबरोबर सानाबा उभी राहिली. ती माहेरची त्राओरे. त्राओरे आणि जारा यांच्यात पूर्वजांपासून थट्टेचं नातं. एकानं दुसऱ्याला भर चौकात गुलाम म्हणावं, चवळीखाऊ म्हणावं, या तर ठरलेल्याच शिव्या, आणि ऐकणाऱ्यानं रागवायचं नाही. रागावला तर त्याचीच अब्रू गेली. मग तो साहेब असो की राजा.

"जारा?" सानाबा म्हणाली. "म्हणजे चवळी हादडणारे! सरकारला दुसरं कुणी मिळालं नाही का पाठवायला? माझ्याच गुलामाला पाठवलं?"

कंपनीचे कारकून दचकले. एक तर फ्रान्सहून शिकून आलेला, तोही कावराबावरा झाला. पण साहेबाच्या चेहऱ्यावरची घडी मोडली.

"त्राओरे आहेस होय! तरीच म्हटलं, हा चवळीचा वास कुठून येतोय. गुलाम कोण ते घरी जाऊन विचार, बाई. तुझे आजोबा आमची गुरं राखायचे, आणि तीही हरवायचे."

गाव खदखदून हसलं. सानाबा हसली नाही.

"झालं हसून? आता तुला माझ्यावर रागवता येणार नाही. तर ऐक." आणि तिनं जेनेबूचं सगळं सांगितलं. खाट, रुमाल, हात हलवणारं पोर. सांगून झाल्यावर म्हणाली, "तू सरकार आहेस. कंपनी तुझ्या हाताखाली. सांग त्यांना, गाडी थांबवा."

साहेबानं घसा खाकरला. "त्याचं असं आहे, करारातल्या तरतुदींनुसार..."

"तोंडातली चवळी गिळ आणि मग बोल."

या वेळी कुणी हसलं नाही. साहेब मोटारीकडे बोट दाखवून हळू आवाजात म्हणाला, "बाई, मी कशातून आलो बघितलंस ना? ती मोटार कंपनीची. त्यातलं डिझेल कंपनीचं. आमच्या कचेरीला गाडी नाही. कुठली गाडी कुठं थांबली, कुठं नाही, हे आम्हाला कोण सांगतं? कंपनीच सांगते. माल किती न्यायचा ते करारात आहे. माणसं कुठं उतरवायची ते नाही. मी फार तर कागद पाठवू शकतो."

"आणि त्यांनी नाही ऐकलं तर?"

"तर दुसरा कागद."

गाडी गेली त्या दिवशीसुद्धा सानाबा एवढी हादरली नव्हती. आजवर तिला वाटत होतं, कुठंतरी वरती कुणीतरी आहे, त्याच्या कानावर गोष्ट गेली नाही म्हणून हे चाललंय. गेली की तो डोळे वटारेल आणि सगळं जागेवर येईल.

"म्हणजे वरती कुणीच नाही?" तिनं विचारलं.

"आहे की," साहेब म्हणाला. "मी आहे."

कारकून आपापल्या बुटांकडे बघत होते.

"मग माझं एक ऐक, जारा," सानाबा म्हणाली. "त्यांच्या मोटारीत बसून परत जाऊ नकोस. जेनेबूला नेलं त्या वाटेनं चालत जा. मी येते बरोबर."

हे थट्टेवारी नेणं त्याला सहज जमलं असतं. नात्यात ती मुभा होती. पण त्यानं कोट काढला, मास्तरांच्या हातात दिला आणि बांधावर चढला. मागे सानाबा, तिच्या मागे बायका. आणि सगळ्यांच्या मागून कंपनीची मोटार, पावलापावलानं. कारकून अधूनमधून अदबीनं भोंगा वाजवत, की साहेब आता तरी बसा. साहेब बसला नाही. जेनेबूची खाट जिथं उतारावर धरली होती ती जागा सानाबानं दाखवली, तेव्हा तो तिथं दगडावर टेकला. बुटांनी त्याच्या टाचा सोलून निघाल्या होत्या. तिनं दिलेलं सरबत तो प्याला.

पुढच्या उन्हाळ्यात फारकोलीला गाडी थांबू लागली. आठवड्यातून एकदा. ते कसं जमलं ते कुणालाच नीट कळलं नाही. जारासाहेबाला मात्र त्या कचेरीतून हलवलं, असं मास्तरांच्या कानावर आलं.

पहिल्या दिवशी सगळ्या बायका पराती घेऊन नटूनथटून गेल्या. गाडी वळणावर दिसली आणि सानाबा मागे सरकत सरकत भिंतीला जाऊन टेकली. गाडी पूर्ण थांबली, माणसं उतरली, आंबे विकले गेले, तरी ती भिंत सोडेना. बाकीच्यांनी हाका मारल्या, "ये की गं, पुढचा डबा रिकामा आहे!" ती गेली नाही. पुढचा डबा तिनं नंतरही कधी धरला नाही.

काही वर्षांनी डबे मोडकळीला आले, कंपनी सोडून गेली आणि गाड्याच बंद पडल्या. रुळांमध्ये गवत माजलं. पण सानाबा तोवर वाट बघायची थांबली होती. तिनं गावाच्या मागे लागून बांधाच्या कडेनं मुरूम टाकून घेतला होता, तीनचाकी मोटारसायकल जाईल एवढ्या रुंदीचा. दर पावसात तो वाहून जायचा, आणि दर पावसानंतर ती फावडं घेऊन घराघरासमोर उभी राहायची. "उठा रे आळशांनो! मी मेल्यावर झोपा!"

गेल्या पावसाळ्यात लोहाराची सून अडली, तेव्हा तीनचाकीनं तिला त्या मुरमावरून नेलं. दोनदा चाक रुतलं. दोन्ही वेळा सानाबानं चिखलात उतरून मागून ढकललं, बरोबरच्या ढकलणाऱ्यांना शिव्या घालत. पोर शहरात जन्मलं. मुलगी आहे.