भिंगरीचा हार

दुपारी जेवण झालं की माझा डोळा लागतो, पण आज लागू द्यायचा नाही असं मी ठरवलं आहे. संध्याकाळी बागेत तेलंग इंजिनिअरसाहेबांच्या पुतळ्याचं अनावरण आहे आणि पहिला हार मी घालायचा आहे. हार ओल्या फडक्यात गुंडाळून उशाशी ठेवला आहे. नगरपालिकेची माणसं घरी येऊन गळ घालून गेली. साहेबांच्या यंत्रात बसून उडालेल्या हैबतीची मी बायको, तेव्हा मान माझा, असं त्यांचं म्हणणं. नाही म्हटलं असतं तर लोक पुन्हा तेच जुनं बोलले असते, म्हणून मी हो म्हटलं.

खाटेची नवार पाठीत रुतते. मी कूस बदलते, तर ती नवार नाही, चामड्याचा पट्टा आहे, आणि पायथ्याशी तेलंगसाहेब उभे आहेत. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. अंगात तोच खाकी कोट आहे, फक्त आता तो त्यांना ढगळ होतो आहे.

"द्वारका, तयारी झाली का?" ते विचारतात. जिवंतपणी त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नव्हती.

मी उठून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर पाय टाकते तो थेट संस्थानच्या माळावर. युद्धाचे दिवस आहेत. चुलीच्या जागी भिंगरी उभी आहे. आम्ही सगळे त्या यंत्राला भिंगरीच म्हणायचो. नळ्यांचा सांगाडा, एका माणसापुरती बैठक आणि डोक्यावर दोन लांब पाती. इंजिन नाही. मोटारीला दोर बांधून ओढायची, मग वाऱ्याने पाती गरगरतात आणि माणूस वर जातो. फौजेच्या गोऱ्या अधिकाऱ्यांना ते दाखवून साहेबांना नाव कमवायचं होतं. स्वतः साहेब अंगाने भरलेले, म्हणून वर जायला मोटारखान्यातला सडपातळ ड्रायव्हर निवडला. तो माझा हैबती.

दसऱ्याला पाहुणे आले. हैबती पट्टे बांधून आत बसलेला असतानाच यंत्राची पूजा झाली. हार मी ओवला होता, केळीच्या सोपटाच्या धाग्यात. जरा ओढ बसली की तो तुटतो. फोटोत हार उडून जाऊ नये म्हणून साहेबांनी खिशातली तार काढून तो आवळला, नेमका पात्यांच्या बुडाशी, जिथे बिजागऱ्या असतात तिथे. पाती वर-खाली हलली नाहीत तर भिंगरी एका अंगावर कलंडते, हे त्यांनीच हैबतीला शिकवलेलं. निघण्याआधी पातं उचलून बघायचं, हा नेमही त्यांचाच. मी लांब बायकांमध्ये उभी होते. साहेबांनी पात्याला हात घातलेला मी पाहिला. नुसता लावला की उचलून पाहिलं, ते गर्दीत दिसलं नाही. मग ते स्वतः मोटार चालवायला बसले आणि माझ्या नवऱ्याला ओढत घेऊन गेले.

भिंगरी वर जाऊन कलंडली आणि हैबती गेला. नंतर त्यांनी पाहुण्यांना सांगितलं की हैबतीचा हात चुकला. गावात मात्र हळूच सोडून दिलं की बायकोचा हार नडला. सासू माझ्या हातचं पाणी प्यायची बंद झाली ती मरेपर्यंत. तेव्हापासून मला एकच गोष्ट कळायला हवी आहे. त्यांनी ते पातं उचललं होतं का?

"बसा साहेब," मी म्हणते.

"मी? अगं, माझं वजन पेलणार नाही."

"आता कुठलं वजन? मेलेलं माणूस लई हलकं असतंय. बसा."

ते बसतात. मी पट्टे खेचते, अगदी करकचून, आणि मला बरं वाटतं. उशाजवळचा हार घेऊन मी तो बिजागऱ्यांवर तारेने आवळते. वेढ्यावर वेढे घालते. तार अंगठ्यात घुसते तरी थांबत नाही. साहेब सवयीने हात वर करतात, पातं बोटांवर तोलतात, आणि त्यांचा चेहरा उतरतो.

"द्वारका, तार सोड. बिजागरी जाम झाली आहे."

"लगीच कळलं व्हय?"

"हात लावला की कळतं."

माळावर वारा पडतो. मी त्यांच्याकडे बघत राहते. आपण काय बोलून बसलो ते त्यांच्याही ध्यानात येतं.

"मग त्या दिवशी?"

"एवढे पाहुणे समोर. पूजेचा हार त्यांच्यासमोर उतरवायचा कसा?" ते मान खाली घालतात. "वाटलं, एवढी एक फेरी निभेल."

मोटार आमच्या देवघरात उभी आहे. मला चालवता येत नाही, तरी ती चालते. दोर सासूच्या खोलीतून जातो, ती तांब्या धरून बसलेली आहे, दोर डोक्याला लागू नये म्हणून जरा वाकते. पुढे माळच नाही, बाग आहे, खुर्च्या मांडलेल्या आहेत. वरून साहेब ओरडतात. हैबतीचा हात चुकला नव्हता, हार मीच आवळला, सगळ्यांना सांगतो, खाली घे, म्हणून गयावया करतात. माझा पाय एकदा उचलतो. खरंच उचलतो.

"एवढी एक फेरी निभंल साहेब," मी म्हणते आणि पाय पूर्ण दाबते.

मागे दोर सैल पडतो. मी वळून बघत नाही.

जाग येते तेव्हा उन्हं भिंतीवरून सरकली आहेत आणि कोणीतरी कडी वाजवत आहे. उशीवर रक्ताचे डाग आहेत, अंगठा ठणकतो आहे. ओलं फडकं उलगडून पडलं आहे. हारावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तार आहे, वेढ्यावर वेढे, पिळून घट्ट बसवलेली. असली तार माझ्या घरात नाही.

ती सोडवायला बसले तर सगळी फुलं गळतील. सोडवायची मला इच्छाही नाही. मी लुगडं बदलते आणि हार घेऊन दार उघडते. न्यायला आलेला नगरपालिकेचा माणूस आधी माझ्या अंगठ्याकडे बघतो, मग हाराकडे.

"आजी, हाराला तार कशाला वो?"

"फोटोत उडून जाऊ नये म्हणून," मी सांगते, आणि माइक कुठं ठेवलाय ते विचारते.